सेंद्रिय कर्ब म्हणजे काय? माती परीक्षणातला हा आकडा कसा वाचायचा आणि कसा वाढवायचा

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर आधी नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्याकडे जाते. कारण खताची गोणी त्यावरून ठरते. त्याच कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ अशी एक ओळ असते. पुढे ०.३८ किंवा ०.४५ असा छोटासा आकडा आणि शेजारी ‘कमी’ असा शेरा. मग कृषी सेवा केंद्रात ‘कर्ब वाढवणारी’ बाटली दाखवली जाते, कुणी जिवामृत सुचवतं, कुणी गांडूळखत, तर कुणी म्हणतं की नांगर सोडा, कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील.

यातलं खरं किती हे ठरवायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. साधा गुणाकार-भागाकार पुरतो. या लेखात आपण सेंद्रिय कर्ब म्हणजे काय, तो मोजतात कसा, ०.१ टक्क्याने वाढवायला खरोखर किती माल लागतो आणि कोणत्या पद्धती उपयोगी पडतात, हे क्रमाने पाहू.

सेंद्रिय कर्ब म्हणजे नेमकं काय?

मातीत पडलेली पानं, कुजलेली मुळं, शेणखत, मेलेले जिवाणू, बुरशीचे धागे, गांडुळांची विष्ठा या सगळ्याला मिळून सेंद्रिय पदार्थ म्हणतात. या पदार्थात जो कार्बन असतो, तो सेंद्रिय कर्ब. साधारणपणे सेंद्रिय पदार्थाच्या निम्म्याहून थोडा जास्त भाग कर्ब असतो. म्हणून प्रयोगशाळा कर्बाच्या आकड्याला १.७२४ ने गुणून सेंद्रिय पदार्थ किती ते काढतात. कर्ब ०.५ टक्के असेल तर सेंद्रिय पदार्थ ०.८६ टक्के.

चुनखडीतला कार्बन वेगळा. मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे असतात. त्यातही कार्बन असतो, पण तो खनिज स्वरूपात असतो. त्यावर जिवाणू जगत नाहीत.

सेंद्रिय कर्बाचे ढोबळमानाने दोन भाग धरता येतात. एक लवकर कुजणारा: ताजा काडीकचरा, मुळांतून पाझरणारी साखर वगैरे. हे जिवाणूंचं रोजचं जेवण. यातूनच पिकाला नत्र, गंधक मिळत राहतं. दुसरा टिकणारा: चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेला किंवा मातीच्या बारीक ढेकळांच्या आत दडलेला. तिथे जिवाणू आणि हवा सहज पोचत नाहीत, म्हणून तो अनेक दशकं राहू शकतो. चिकणमाती जास्त तितकी कर्ब धरून ठेवायला जागा जास्त. म्हणून भारी काळी जमीन आणि हलकी मुरमाड जमीन यांच्याकडून सारख्याच आकड्याची अपेक्षा ठेवणं चूक आहे.

अहवालातला आकडा येतो कसा?

केंद्र सरकारची जमीन आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथे सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरला एक आणि जिरायती भागात दहा हेक्टरला एक असा नमुना घेण्याची पद्धत ठरली होती. म्हणजे पत्रिकेतला आकडा कदाचित तुमच्या आणि शेजारच्या रानाचा मिळून असेल. स्वतःच्या शेताचा निर्णय घ्यायचा असेल तर नमुना स्वतः काढून देणं चांगलं.

कर्ब मोजायला बहुतेक ठिकाणी वॉक्ली आणि ब्लॅक या शास्त्रज्ञांची १९३४ सालची पद्धत वापरतात. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल टाकतात. कर्बाशी झालेल्या क्रियेत किती डायक्रोमेट खर्च झालं, त्यावरून कर्ब काढतात. या पद्धतीत सगळा कर्ब पकडला जात नाही, सरासरी तीन-चतुर्थांशाच्या आसपास पकडला जातो आणि बाकीचा गुणकाने भरून काढतात. चुनखडीतला कार्बन मात्र यात मोजला जात नाही. दुसरी पद्धत माती जाळून निघालेला वायू यंत्राने मोजण्याची. ती अचूक, पण महाग. शिवाय चुनखडीच्या जमिनीत खनिज कार्बन वेगळा वजा करावा लागतो. म्हणून एका वर्षी एका पद्धतीने आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पद्धतीने मोजलेल्या आकड्यांची तुलना करू नका.

महाराष्ट्रात साधारणपणे ही वर्गवारी वापरतात:

- ०.२० टक्क्यांपर्यंत: अत्यंत कमी
- ०.२१ ते ०.४०: कमी
- ०.४१ ते ०.६०: मध्यम
- ०.६१ ते ०.८०: थोडं जास्त
- ०.८१ ते १.००: जास्त
- १.०० च्या वर: अत्यंत जास्त

देशपातळीवरच्या तीन टप्प्यांच्या वर्गवारीत मात्र ०.५ च्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर जास्त धरतात. त्यामुळे ०.४५ हा आकडा एका अहवालात ‘मध्यम’ आणि दुसऱ्यात ‘कमी’ दिसू शकतो. जमीन तीच, पट्टी वेगळी. म्हणून शेरा वाचण्यापेक्षा आकडा वाचा.

नमुना चुकला तर सगळंच चुकतं

पीक काढल्यावर आणि खत टाकण्याआधी नमुना घ्या. एकसारख्या जमिनीच्या तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या. खड्ड्यातली माती बाहेर टाका आणि कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खाप काढा. सगळी माती गोणपाटावर एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत अर्धा किलो उरवा. बांध, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाची जागा, पाण्याचा पाट टाळा.

कर्बासाठी आणखी दोन नियम पाळा. दरवेळी खोली तीच ठेवा, कारण कर्ब वरच्या थरात जास्त आणि खाली कमी असतो. एकदा १० सेंटिमीटर आणि पुढच्या वेळी २० सेंटिमीटर खोल नमुना घेतला तर कर्ब ‘घटल्याचं’ दिसेल, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसेल. दुसरं, दरवर्षी मोजू नका. एका वर्षात होणारा बदल इतका लहान असतो की तो नमुन्याच्या फरकात हरवून जातो. तीन ते पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत मोजा.

०.१ टक्का वाढवायला किती लागतं?

एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन जमिनीच्या घनतेप्रमाणे ८०० ते ९०० टन भरतं. आपण ८५० टन धरू. त्याचा ०.१ टक्का म्हणजे ८५० किलो कर्ब.

आता शेणखत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात निम्मं पाणी धरलं आणि कोरड्या भागात ३० टक्के कर्ब धरला, तर एका टनात १५० किलो कर्ब येतो. पण टाकलेला सगळा कर्ब राहत नाही. आपल्याकडच्या उष्णतेत जिवाणू तो झपाट्याने खातात आणि कार्बन डायऑक्साइड म्हणून हवेत सोडतात. वर्षाअखेर साधारण एक-तृतीयांश उरला असं धरू, म्हणजे टनामागे ५० किलो. ८५० भागिले ५० म्हणजे १७ टन. एका एकराला १७ टन शेणखत, आणि तेही फक्त ०.१ टक्क्यासाठी. पुढच्या वर्षांत तोही भाग हळूहळू कमी होत जातो.

शिवाय जुना कर्बही दरवर्षी झिजतो. जमिनीत ०.५ टक्के कर्ब असेल तर साठा ४२५० किलो. वर्षाला दोन-तीन टक्के घट धरली तरी ८५ ते १३० किलो जातात. म्हणजे आकडा आहे तिथेच ठेवायलाही एकरी दोन-अडीच टन शेणखताइतकी भर दरवर्षी हवी.

हे आकडे ढोबळ आहेत, जमिनीगणिक बदलतील. पण एक गोष्ट यातून नक्की कळते. दोन लिटरच्या बाटलीत सगळा कर्बच भरला असं मानलं तरी तो दोन किलोच्या आसपास. ८५० टनांत त्याने पडणारा फरक ०.०००२ टक्के. ह्युमिक आम्लाने मुळांची वाढ सुधारत असेल, तो वेगळा मुद्दा. पण बाटलीने कर्बाचा आकडा वाढत नाही.

जिवामृताचंही तसंच. सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत एकरी १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर माती आणि २०० लिटर पाणी असतं. यात कर्ब जेमतेम दोन-अडीच किलो. त्याचा दावा जिवाणूंच्या वाढीचा आहे, कर्बाच्या भरण्याचा नाही. कर्ब यायचा तर तो आच्छादनातून आणि मुळांतूनच येणार.

खर्च कुठे होतो?

कर्बाचं खातं बँकेसारखंच असतं. भरणा वाढवण्याआधी गळती कुठे आहे ते बघावं.

नांगरणी ही मोठी गळती. नांगराने ढेकळं फुटतात, आत दडलेला कर्ब उघडा पडतो, हवा मिळते आणि जिवाणू त्यावर तुटून पडतात. नांगरणीनंतर पीक जोमदार दिसतं त्याचं एक कारण हेच आहे: जुना साठा मोडून त्यातलं नत्र मोकळं झालेलं असतं. बुरशीचे जे धागे मातीचे कण बांधून ठेवतात, तेही तुटतात.

दुसरी गळती जाळण्याची. उसाचं पाचट, गव्हाचं काड, तुराट्या जाळल्या की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं हवेत जातं. राखेत पालाश उरतं, म्हणून जाळल्याने ‘जमिनीला खत मिळतं’ असा समज होतो.

तिसरी गळती उघड्या जमिनीची. उन्हाळ्यात मोकळी तापलेली आणि वळवाच्या पावसात धुपून जाणारी माती सगळ्यात आधी वरचा थर गमावते, आणि कर्ब तर तिथेच जास्त असतो. ओढ्याला आलेलं गढूळ पाणी म्हणजे कुणाच्या तरी शेतातला कर्बच वाहतोय.

जमा कशी वाढवायची?

रिजनरेटिव्ह म्हणजे पुनरुज्जीवक शेती हा शब्द १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या रॉबर्ट रोडेल यांनी रूढ केला. आज त्याची अनेक तत्त्वं सांगितली जातात: माती कमीत कमी हलवा, ती झाकलेली ठेवा, जिवंत मुळं जास्तीत जास्त दिवस जमिनीत राहू द्या, पिकांत विविधता ठेवा, जनावरं शेतीला जोडा. आपल्याकडे याची ओळखीची उदाहरणं आहेत.

*खोडव्यातलं पाचट.* एका एकर उसातून तीन ते चार टन कोरडं पाचट मिळतं. त्यात साधारण ४० टक्के कर्ब धरला तर बाराशे ते सोळाशे किलो कर्ब फुकट शेतात येतो, वाहतुकीशिवाय. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत पसरायचं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी आहे. वर ओलावा टिकला की काही महिन्यांत पाचट कुजतं. तणं कमी उगवतात, पाणीही वाचतं.

*भाताची एसआरटी पद्धत.* नेरळच्या सगुणा बागेतले कृषी अभ्यासक चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत राब भाजणं, चिखलणी आणि लावणी तिन्ही टळतात. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रं पाडायची आणि त्यात भात टोकायचा. कापणी करताना मुळं उपटायची नाहीत, ती तिथेच कुजू द्यायची. त्याच वाफ्यावर पुढे वाल, हरभरा घेता येतो. मुळं जागेवर ठेवण्याला महत्त्व आहे, कारण मुळांतून आलेला कर्ब वर टाकलेल्या काडीकचऱ्यापेक्षा जास्त काळ मातीत टिकतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनीही नांगरणीशिवाय शेती आणि जमिनीतले सूक्ष्मजीव या विषयावर मराठीत बरंच लिहिलं आहे.

*हिरवळीचं खत आणि आंतरपीक.* ताग किंवा धैंचा फुलोऱ्याच्या सुमाराला गाडला की लवकर कुजतो आणि नत्र देतो. टिकणारा कर्ब त्यातून तुलनेने कमी मिळतो. सोयाबीनमध्ये तूर घेतली तर सोयाबीन निघाल्यावरही तुरीची खोल मुळं दोन-तीन महिने काम करत राहतात आणि पानगळ जमिनीवर पडते.

*कंपोस्ट.* शेण कमी आणि काडीकचरा जास्त असेल तर पुसदचे नारायण पांढरीपांडे यांची नाडेप टाकी आजही उपयोगी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी. थोड्या शेणात बराच काडीकचरा कुजवता येतो.

रासायनिक खताने कर्ब जळतो का? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू पिकांवर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू झाला. तिथे शिफारशीनुसार खत आणि सोबत शेणखत दिलेल्या तुकड्यात कर्ब सगळ्यात चांगला राहिला, आणि काहीच न दिलेल्या तुकड्यात सगळ्यात कमी. कारण सोपं आहे. उपाशी पिकाची मुळंही तोकडी, मग जमिनीला परत काय मिळणार? नुकसान होतं ते फक्त युरियावर भर देऊन बाकी सगळं थांबवल्याने.

अडचणी, ज्या आधीच माहीत हव्यात

*पीक पिवळं पडणं.* गव्हाच्या काडात नत्राच्या तुलनेत कर्ब सुमारे ८० पट असतो. मातीतल्या मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात हे प्रमाण दहा-बाराच्या आसपास असतं. काड कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि पीक काही आठवडे उपाशी राहतं. म्हणून काड पेरणीच्या तोंडावर गाडू नका, किंवा थोडं नत्र जास्त द्या.

*हुमणी.* अर्धकच्चं शेणखत हे हुमणीचं माहेरघर. पूर्ण कुजलेलंच वापरा.

*कपाशीच्या पऱ्हाट्या.* कर्बासाठी पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते. वेळेत काढून कुट्टी करा आणि कंपोस्टला वापरा.

*तणनाशक.* नांगर थांबला की तण वाढतं, आणि बिननांगरणीच्या अनेक पद्धती, एसआरटीसुद्धा, तणनाशकावर अवलंबून असतात. सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असेल तर हा मार्ग चालत नाही. दाट आच्छादन आणि मजूर हा पर्याय आहे, पण खर्चिक आहे.

*वरवरची वाढ.* नांगरणी बंद केल्यावर कर्ब वरच्या काही सेंटिमीटरमध्ये गोळा होतो आणि खालच्या थरात तितका वाढत नाही. म्हणून फक्त वरची माती तपासून ‘कर्ब दुप्पट झाला’ म्हणणं घाईचं ठरतं.

पाणी किती धरतं?

‘एक टक्का कर्ब वाढला की एकरात लाखभर लिटर पाणी जास्त साठतं’ अशा धाटणीचे संदेश फिरत असतात. जगभरातल्या मोजमापांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार कर्ब पूर्ण एक टक्क्याने वाढल्यावर १० सेंटिमीटर मातीत पिकाला मिळू शकणारं पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरने वाढतं. १५ सेंटिमीटर खोलीला आणि एक एकराला हे सात हजार लिटरच्या आसपास भरतं. हलक्या जमिनीत फायदा जास्त, भारी जमिनीत कमी.

मग शेतकऱ्यांना जाणवतो तो फरक कुठून येतो? मुख्यतः पाणी मुरण्यातून आणि आच्छादनामुळे बाष्पीभवन कमी होण्यातून. जोराच्या पावसात पाणी वाहून जाण्याऐवजी आत गेलं, तर एका सरीत होणारा फायदा याहून कितीतरी मोठा असतो. घरच्या घरी तपासायचं असेल तर नांगरलेल्या रानातलं एक आणि बांधावरच्या गवताखालचं एक अशी दोन वाळलेली ढेकळं पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. पाच-दहा मिनिटांत कुठलं विरघळून गाळ होतं आणि कुठलं टिकतं ते बघा.

कार्बन क्रेडिट: किती मिळू शकतात?

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. वरच्या हिशोबातले ८५० किलो कर्ब म्हणजे एकरी तीनच्या आसपास क्रेडिट. ही दरवर्षीची नाही, ०.१ टक्का वाढायला लागलेल्या सगळ्या वर्षांची मिळून बेरीज. त्यातून मोजणी, पडताळणी आणि मधल्या कंपनीचा वाटा वजा होतो.

करारावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा: करार किती वर्षांचा आहे, मधेच नांगरणी करावी लागली तर काय होईल, पैसे पद्धत पाळल्याचे मिळणार की मोजलेल्या वाढीचे, आणि मातीचे नमुने प्रत्यक्ष घेणार की फक्त उपग्रह आणि संगणकीय मॉडेलवर आकडा ठरणार. उपग्रहाला जमीन उघडी आहे की झाकलेली हे चांगलं कळतं, पण जमिनीच्या आतला कर्ब त्याला थेट दिसत नाही.

यंदा सुरुवात कुठून करायची?

सगळं रान एकदम बदलू नका. दहा-वीस गुंठ्यांचा एक तुकडा निवडा आणि शेजारचा तसाच तुकडा नेहमीच्या पद्धतीने ठेवा. दोन्हीकडचा नमुना आज घेऊन अहवाल जपून ठेवा. निवडलेल्या तुकड्यात जाळणं पूर्ण बंद, नांगरणी शक्य तितकी कमी, आच्छादन कायम आणि जमीन रिकामी राहील असे दिवस कमीत कमी, एवढंच करा. डायरीत मशागतीचा, मजुरीचा, खताचा आणि पाण्याच्या पाळ्यांचा खर्च लिहा. पहिल्या दोन वर्षांत कर्बाचा आकडा हलणार नाही, पण डिझेल आणि पाण्याचा खर्च हलू शकतो. तीन-चार वर्षांनी पुन्हा नमुना घ्याल तेव्हा बाकीच्या रानाचं काय करायचं हे ठरवायला तुमच्या स्वतःच्या शेतातले आकडे हाताशी असतील.